फुकटची कात्री आणि आपले संकलन

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मराठीने 'संकलन' असा शब्द रूढ केला आहे. काम प्रत्यक्षात कापण्याचे. पण आपल्या भाषेने त्याला नाव दिले ते गोळा करण्याचे. या दोन अर्थांत किती अंतर आहे, याचा विचार मी कधी केला नव्हता. राळेगाव तालुक्यातल्या एका वस्तीत एका म्हातारीने तो मला करायला लावला. म्हणून हे लिहितो आहे.

मी राळेगावला महाविद्यालयात शिकवितो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या वर्गातली बरीच मुलेमुलीही आपापल्या घरातली पहिलीच आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असतो. परंतु त्या रिकाम्या बाकांवरच्या मुलांच्या हातातही आज मोबाइल आहे आणि त्या मोबाइलमध्ये कात्री आहे. १४ एप्रिलची मिरवणूक, दीक्षाभूमीवरची गर्दी, वस्तीतल्या भीमगीतांचा कार्यक्रम हे सारे ही मुले टिपतात, कापतात, जोडतात आणि रात्रीतून शेकडो लोकांपर्यंत पोहोचवितात. याकडे केवळ पोरखेळ म्हणून पाहणारे प्राध्यापक मित्र मला ठाऊक आहेत. त्यांचे मत मला मान्य नाही.

कारण ही कात्री कालपर्यंत कोणाच्या हाती होती? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना १९६० सालची. तेथे संकलनाच्या जागा मोजक्या. मुंबईच्या संकलन-कक्षात उमेदवारी करायची तर राहायला जागा हवी, ओळख हवी, ती देणारा कोणी आपला माणूस हवा. आज 'दा विंची रिझॉल्व्ह' हे व्यावसायिक चित्रपटांसाठी वापरले जाणारे साधन मूळ स्वरूपात फुकट मिळते. ते तयार करणारी कंपनी त्याची पाठ्यपुस्तके आणि सरावाची दृश्येही आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवते. त्याला दमदार संगणक लागतो हे खरे. पण 'केडेनलाइव्ह' आणि 'शॉटकट' ही मुक्त साधने साध्या संगणकावरही चालतात. मूळ दृश्याची हलकी प्रत करून तिच्यावर काम करायचे आणि शेवटी मूळ दृश्य जोडायचे, ही युक्ती एकदा कळली की महाविद्यालयाचा जुना संगणकही पुरतो. साधनावरची मक्तेदारी मोडली, हे निःसंशय चांगले झाले.

प्रश्न त्यापुढचा आहे. साधन हाती आले. दृष्टी कोणाची आली?

माझ्या एका विद्यार्थ्याने वस्तीतल्या एका आजीची हकीकत टिपली. तरुणपणी ती एका शेतकऱ्याच्या वावरात मजुरीला जायची. पाणी वरून ओंजळीत ओतले जायचे. पोटुशी असताना एका दुपारी तिने पाणी मागितले, तर तिला तासभर थांबविले. ती रडली. दुसऱ्या दिवशी मात्र चार बायांना घेऊन तिने ते वावर सोडले. वेचणीच्या घाईत मालक वस्तीवर बोलवायला आला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "पाणी भांड्यात देशीन, तं येतो." हे सारे ती बावीस मिनिटे बोलली.

विद्यार्थ्याने मोबाइलवरच्या ॲपमधला एक टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा, निवडला. साच्याचे नाव होते 'भावनिक'. तीस सेकंद, मंद गती, व्हायोलिन. त्यात ओंजळ आली, तहान आली, अश्रू आले आणि अश्रूंवर तो संपला. हजारोंनी तो पाहिला, हात जोडल्याच्या खुणा पाठविल्या. मीही वर्गात त्याचे कौतुक केले. ही माझी चूक मी येथे नोंदवितो.

आजीला तो दाखविला तेव्हा ती म्हणाली, "बोलली तं मीच बापा. पण मी काई रडगाणं नव्हती सांगत. मी त्याचं वावर सोडलं, थे कुठी गेलं?"

तिच्या या प्रश्नात एक समीक्षा आहे, आणि ती दलित साहित्याला नवी नाही. आमच्या साहित्याने पहिला नकार दिला तो दयेला. प्रस्थापित लेखकांनी अस्पृश्यांवर लिहिले नव्हते असे नाही. लिहिले होते, कळवळून लिहिले होते. पण त्यांच्या कथेत आमचा माणूस रडण्यापर्यंतच येत असे. रडून झाल्यावर तो काय करतो, हे त्यांना पाहायचे नव्हते. तीस सेकंदांचा तो साचा हेच करतो. तो कोणी जातीयवाद्याने बनविला असेल असे मी म्हणत नाही. तो ज्याने बनविला त्याला राळेगाव ठाऊकही नसेल. पण दुःख कोठे थांबवायचे, याचा निर्णय त्याने आधीच घेऊन ठेवला आहे आणि आमचा मुलगा तो निर्णय आपला समजून वापरतो आहे. कात्री आपली आणि कापण्याची जागा दुसऱ्याची, अशी ही स्थिती आहे.

कापण्याच्या जागेने किती फरक पडतो, हे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने (२०१३) दाखविले आहे. संकलन चंदन अरोरा यांचे. जब्याच्या कुटुंबाची सारी विटंबना घडून गेल्यावर त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि चित्रपट तेथे संपतो. हाच चित्रपट जब्याच्या अश्रूंवर संपविता आला असता. मग प्रेक्षक हळहळून घरी गेला असता. दगडावर संपल्यामुळे त्याला स्वतःची जागा तपासावी लागते.

आणि क्रमाचा प्रश्न नुसता कलेचा नाही, न्यायाचाही आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि त्यानंतर झालेल्या गोळीबारात दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता म्हणून गोळ्या झाडल्या, असा पोलिसांचा दावा होता. आधी काय घडले, नंतर काय आणि किती अंतरावर, याच मुद्द्यांवर सत्य उभे होते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो दावा मानला नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरविला. त्या हत्याकांडानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून सुरू झालेला आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. तो २०११ साली आला. पटवर्धनांनी संकलनही स्वतःच केले. त्यात वस्तीतली माणसे आपले वाक्य पुरे करतात, गाणे पुरे गातात. हा संयम कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाही.

येथे कार्यकर्ते एक आक्षेप घेतील व तो रास्त आहे. अत्याचार घडतो तेव्हा चौदा वर्षे थांबायचे काय? २००६ साली खैरलांजीचे सत्य बाहेर यायला जो उशीर लागला, तो कोणाच्या उपयोगी पडला? माझे उत्तर असे की, तातडीची चित्रफीत तातडीने पाठवावीच. पण न कापलेली मूळ प्रत जपून ठेवावी. कापलेल्या प्रतीवर उद्या प्रतिपक्ष बोट ठेवील, तेव्हा मूळ प्रतच साक्ष देईल.

ही जपणूक आपल्याकडे दुबळी आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून चित्रित केली. आज त्या दिवसाची दृश्ये दर सहा डिसेंबरला मोबाइलवर फिरतात. वर संगीत असते, खाली संकलन करणाऱ्या मुलाचे नाव असते. कोणता तुकडा कोणी टिपला, याचा उल्लेख नसतो. ज्या समाजाला इतिहासातून पुसले गेले, त्यानेच आपल्या माणसाचे नाव पुसावे, हे बरे नव्हे.

याउलट एक उदाहरण पाहावे. मुंबईच्या 'कॅम्प' व 'मजलिस', बंगळूरच्या 'अल्टरनेटिव्ह लॉ फोरम' आदी गटांनी २००८ साली 'पॅड.मा' हा इंटरनेटवरचा संग्रह सुरू केला. तेथे पुरे झालेल्या चित्रपटांपेक्षा कच्ची दृश्ये अधिक आहेत आणि कोणत्या क्षणी कोण काय बोलतो, याची लेखी नोंद त्या क्षणापाशीच आहे. खऱ्या अर्थाने हे संकलन. मात्र तेथला मुख्य व्यवहार इंग्रजीत आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याला पहिल्याच पानावर परके वाटते. रिझॉल्व्हची पुस्तके वर्गात वापरताना माझी हीच अडचण झाली. शेवटी मी विद्यार्थ्यांबरोबर एक वही केली. 'टाइमलाइन', 'कट' हे शब्द तसेच ठेवले. त्यांचा अर्थ आपल्या बोलीत लिहिला.

त्या वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी आहेत. मूळ प्रत पुसायची नाही. कोणी बोलले, कोणी टिपले, कोठे, कधी, हे लिहायचे. आणि ज्याचे बोलणे कापले, त्याला पाठविण्याआधी दाखवायचे.

पहिली गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो. आजीची चित्रफीत नव्याने जुळवावी म्हणून विद्यार्थ्याकडे मूळ प्रत मागितली, तेव्हा कळले की मोबाइलची जागा भरली म्हणून त्याने ती पुसून टाकली होती. आम्ही पुन्हा वस्तीत गेलो. आजीने पुन्हा सांगितले, वावर सोडल्याचेही सांगितले. आठ मिनिटांत संपले. शब्द बहुतेक तेच होते. पण पहिल्या वेळचा संताप त्यात नव्हता. आम्ही ती आठ मिनिटे न कापता ठेवली आहेत. पहिली बावीस आता कोठेही नाहीत.