चांभार साहेब आणि नागपूरचा पंडित

मी अनसिंगचा. घरात 'मले', 'तुले', 'काहून' बोलतच वाढलो. शाळेत मास्तरनं 'मले'वर छडी हाणली. 'मला म्हण!' तेव्हापासून घरी एक भाषा, वहीत दुसरी. आता सूतगिरणीत रात्रपाळी करतो नि दिवसा झोप मोडून वाचतो. असंच विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण हाती लागलं. 1805 सालचं. इंग्रजीतून मराठी शिकवणारं, वर रोजच्या बोलण्यातले संवाद जोडलेलं. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं.

कॅरी 1793 ला बायकापोरांसह बंगालात उतरला. महाराष्ट्र त्यानं पाहिलाच नाही. मग मराठी आली कुठून? नागपूरकडच्या वैजनाथ पंडिताकडून. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात दोघं एकत्र बसले. त्यातून हे व्याकरण आलं, 1810 चा मोडीतला कोश आला, बायबलची भाषांतरं आली. पंडितानंही 'सिंहासनबत्तिशी' (1814), 'हितोपदेश' (1815) मराठीत आणले. साहेब भाषा शिकला, पंडिताला छापखाना मिळाला. देवाणघेवाण म्हणतात ती हीच.

पण मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांना हे मराठी चालेना. त्यांनी आपला नवा करार वेगळा केला, तो 1826 ला छापला. वाङ्मयाच्या इतिहासवाल्यांनीही त्या मराठीला नागपुरी वळणाची म्हणून नाक मुरडलं. हे वाचलं नि मला आनंदच झाला. म्हटलं, बरं झालं! छापलेल्या मराठीच्या आरंभालाच आमच्या मुलखाचा वास आहे. माझ्या छडीचं उट्टं निघालं.

पण मित्रहो, आनंद फार टिकला नाही.

कारण कॅरी मूळचा कोण? इंग्लंडातला मोची. जोडे शिवता शिवता भाषा शिकलेला माणूस. भर मेजवानीत कुणी तरी त्याचा धंदा काढून हिणवलं, तेव्हा तो म्हणाला, मी जोडे करत नव्हतो, नुसते फाटलेले शिवत होतो. अशी आठवण सांगतात. मला हा माणूस आवडला. पण त्याच वर्षी आमच्याकडचा चांभार शिकायचं म्हणून एखाद्या पंडिताच्या ओसरीवर चढला असता तर? गोऱ्या चांभाराला अक्षर मिळालं, कारण त्याच्यामागं कंपनीचं कॉलेज होतं, पगार होता. काळ्या चांभाराला गावकुसाबाहेरची वाट. आमचे समीक्षक या मैत्रीचे गोडवे गातात, ही बाजू कुणी बोलत नाही. वैजनाथ माणूस म्हणून बरा असेल, वाईट असेल. माझं भांडण त्याच्याशी नाही. साहेबाला भाषा कुणाच्या तोंडून मिळाली, एवढंच मी विचारतो. जात्यावरच्या बाईच्या? महाराच्या? 1831 चा मोल्सवर्थचा कोश घ्या. तिथंही साहेबाभोवती शास्त्रीच.

नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपनं मात्र वेगळं केलं. प्रधानाच्या तोंडचं गोंडी लिंगोगीत त्यानं टिपून घेतलं. हिस्लॉप 1863 ला नदीत बुडून मेला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलनं 1866 ला छापले, म्हणून गीत वाचलं. हे ऋण मी मानतो. हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज नागपुरात 1883 पासून उभं आहे. ज्याच्या गळ्यातून गीत आलं, त्या प्रधानाच्या नावाचं काय उभं आहे?

कॅरीला शिव्या द्यायच्या नाहीत. त्यानं पुस्तकात बोलीतले संवाद घातले, तेवढंही आमच्या पंडितांना सुचलं नव्हतं. पण पुढचं काम आता साहेबाचं नाही, पंडिताचंही नाही. माझी आजी अजून म्हणते, 'मले काय इचारतं, मले कुठी लिवता येते!' मी वही घेऊन तिच्यासमोर बसलोय. पहिल्या पानावर तिचं नाव घातलंय, माझं नाही. तुम्हीही आपापल्या घरी बसा.