चार परदेशी चित्रपट आणि साधनचिकित्सा

गेल्या हिंवाळ्यांत पवनेकांठच्या पिंपळे सौदागर येथें एका पोथीसंग्राहक स्नेह्यांच्या घरीं रविवारीं सायंकाळीं भिंतीवर पडदा लावून परदेशांतील अलीकडील चित्रपट पाहण्याचा परिपाठ पडला होता. जेथें स्नेह्यांच्या आजोबांनीं ज्वारी काढली तेथें आतां बहुमजली इमारती आहेत, व प्रेक्षकांत चाकणच्या कारखान्यांतील आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांतील तरुण मंडळीच अधिक. चित्रपटांचा परामर्श या त्रैमासिकांत कशाकरितां, असें कित्येक वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, हे चित्रपट आम्हीं केवळ करमणुकीकरितां पाहिले नाहींत. जुना कागद हातीं आला असतां आपण त्यास जे प्रश्न विचारतों, म्हणजे अस्सल कीं नक्कल, कोणाच्या हातचा, कोणत्या दप्तरांतला, मागाहून कोणीं भर घातली काय, तेच आम्हीं या चित्रपटांस विचारले.

कथापट म्हणजे बखर व अनुबोधपट म्हणजे अस्सल पत्र, अशी समजूत आज सर्रास आढळते. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड छापून बखरीवरची आंधळी श्रद्धा उडविली. पण पडद्यावर ‘खरें’ म्हणून जें दाखविलें जातें त्यावरची श्रद्धा अद्याप तशीच आहे. ती किती घातक आहे हें पीटर जॅक्सन यांच्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८) या अनुबोधपटावरून दिसून येतें.

पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश शिपायांची लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियममधील जुनी चित्रें घेऊन हा पट बनविला आहे. मूळ चित्रें कृष्णधवल व मूक. त्यांस रंग चढविले. ओठांच्या हालचाली वाचणारे तज्ज्ञ बसवून शब्द ठरविले व ते नटांकडून वदविले. परंतु सर्वांत गंभीर गोष्ट निराळीच आहे. मूळ फीत सेकंदास तेरा, सोळा, अठरा अशा कमीअधिक वेगानें फिरलेली. ती आजच्या चोविसांच्या वेगास आणण्यासाठीं मधल्या चौकटी यंत्रानें कल्पून भरल्या. त्या चौकटी कोणत्याहि कॅमेऱ्यानें कधींच टिपलेल्या नाहींत. आपल्या परिभाषेंत हे क्षेपक होत. ज्ञानेश्वरीच्या पोथींत एखाद्या लेखकानें आपली ओंवी घुसडावी तसाच हा प्रकार, पण येथें क्षेपक दर क्षणीं आहे आणि मूळ ओंवीपासून तो डोळ्यांस वेगळा काढतां येत नाहीं.

कर्त्यावर अन्याय नको म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, पटाच्या आरंभीं मूळ कृष्णधवल चित्र लहान चौकटींत दाखविलें आहे, आणि पार्श्वभागीं ऐकूं येणारे वृद्ध शिपायांचे आवाज खऱ्या मुलाखतींतले आहेत. चिखल, उंदीर, शिपायांचे किडलेले दांत हें सर्व अंगावर येतें, आम्हीहि हेलावलों. पण चाकणच्या एका कारखान्यांत यंत्रावर काम करणारा एक हुशार तरुण थोडा उशिरां आला होता. पट संपल्यावर तो म्हणाला, “त्या काळीं रंगीत फिल्म एवढी चांगली निघत होती, हें मला ठाऊकच नव्हतें!” त्याचा दोष नाहीं. फाटलेल्या जागीं आपण तर्कानें अक्षरें भरलीं तर तीं कंसांत घालतों. या पटास कंस नाहींत.

याच्या अगदीं उलट टोंकास बियांका स्टिग्टर या डच बाईंचा ‘थ्री मिनिट्स: अ लेंग्थनिंग’ (२०२१) आहे. चौघांत हा आम्हांस सर्वश्रेष्ठ वाटला. १९३८ च्या ऑगस्टांत डेव्हिड कुर्ट्झ नांवाचे अमेरिकेंत स्थायिक झालेले गृहस्थ पोलंडांतील नासिएल्स्क या आपल्या जन्मगांवीं गेले व तेथें त्यांनीं आपल्या हौशी कॅमेऱ्यानें कांहीं चित्रें घेतलीं. पुढें २००९ सालीं त्यांच्या नातवास तें रीळ फ्लोरिडांतील आईबापांच्या घरीं कपाटांत सांपडलें, तेव्हां तें आक्रसून नष्ट होण्याच्या बेतांत होतें. गांवाचें चित्र जेमतेम तीन मिनिटांचें. गांवांत सुमारें तीन हजार यहुदी होते. युद्धानंतर शंभरहि उरले नाहींत. स्टिग्टरबाईंनीं तासाभराहून अधिक वेळ हींच तीन मिनिटें पुनःपुन्हां दाखविलीं आहेत. त्यांच्याबाहेरचें चित्र जवळजवळ नाहींच.

आणि काय वाचलें आहे त्यांतून! एका दुकानाच्या पाटीचीं अक्षरें इतकीं पुसट कीं मोडींतील झिजलेला शेराहि बरा. तरी अक्षरांच्या आकारांवरून, लांबीवरून व गांवांतील नांवांशीं ताडून एका अभ्यासिकेनें दुकानदारणीचें आडनांव लावलें. मुलांच्या टोप्या, बायकांच्या पोशाखांवरील गुंड्या, देवळाच्या दारावरील सिंह यांपैकीं एकहि वस्तु वांयां गेलेली नाहीं. गर्दींतल्या एका पोराला त्याच्या नातीनें ओळखलें. तो गृहस्थ अमेरिकेंत हयात निघाला आणि त्यानें आणखी नांवें सांगितलीं. १९३९ च्या डिसेंबरांत येथील यहुद्यांस चौकांत गोळा करून हांकून देण्यांत आलें. त्या दिवसाची लेखी हकीकत वाचली जात असतां पडद्यावर नट नाहीं, सोंग नाहीं, फक्त त्याच चौकाचें चित्र. या रिळाचा कांहीं भाग रंगीत आहे, पण तो रंग फितीचा स्वतःचा, कोडॅकच्या रसायनाचा. मागाहून चोपडलेला नव्हे. निवेदन क्वचित् सैल होतें, व कॅमेरा म्हणजे काय या विषयावरील चिंतन थोडें आंखडतें घेतलें असतें तर बरें झालें असतें. तरी एका तुकड्याची संहिता कशी लावावी याचा असा वस्तुपाठ आम्हीं छापील ग्रंथांतहि थोडाच पाहिला आहे.

माती दिओप यांचा ‘दाहोमे’ हा पट २०२४ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत सुवर्ण अस्वलाचा मानकरी ठरला. फ्रेंचांनीं १८९२ च्या स्वारींत अबोमीच्या राजवाड्यांतून लुटलेल्या वस्तूंपैकीं सव्वीस वस्तु २०२१ च्या नोव्हेंबरांत पॅरिसहून बेनिन देशास परत गेल्या, त्या प्रवासाची ही हकीकत. सव्विसावी वस्तु म्हणजे गेझो राजाचा पुतळा. तो फोन भाषेंत स्वतः बोलतो. हें उघड कल्पित आहे, आणि उघड आहे म्हणूनच त्यांत फसवणूक नाहीं. पुतळ्यांच्या पेट्या उघडून प्रत्येकाची मोडतोड बारकाईनें नोंदली जाते तो भाग आमच्या संग्राहकांनीं अवश्य पाहावा. शेवटीं विद्यार्थी भांडतात: सात हजारांतून सव्वीसच कां? पाहतांना आम्हांस साताऱ्याची आठवण झाली. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतून वाघनखें तीन वर्षांच्या बोलीनें तेथें आलीं, तेव्हां मिरवणुकींचा थाट मोठा झाला. तीं ग्रँट डफ याच्या घराण्यांतून संग्रहालयास मिळालीं, इतकी परंपरा लागते. अफझलखानाच्या प्रसंगींचीं तींच हीं, हें सिद्ध करतां येत नाहीं असें तें संग्रहालयच सांगतें. बेनिनच्या विद्यार्थ्यांसारखा वाद आपल्याकडे साताऱ्याच्या दिवाणखान्यांत झाला असता तर आम्हांस अधिक समाधान वाटलें असतें.

चौथा कथापट, वॉल्टर सालेस यांचा ‘आय ॲम स्टिल हिअर’ (२०२४). ब्राझीलमधील लष्करी राजवटींत १९७१ च्या जानेवारींत रुबेन्स पाइव्हा यांस घरांतून नेलें, ते परत आले नाहींत; त्यांच्या पत्नी युनीस यांस मृत्यूचा दाखला मिळाला तो १९९६ सालीं. फर्नांडा टोरेस यांचा अभिनय संयमाचा आहे, आणि एका सरकारी कागदासाठीं पंचवीस वर्षें थांबलेली बाई तो हातीं घेते तेव्हां कागदाचें मोल आमच्यासारख्यांस वेगळें समजावून द्यावें लागत नाहीं. बखर असूनहि ही अस्सलाशीं प्रामाणिक. एकच खटकलें: घरगुती हौशी फितींसारखे दिसणारे तुकडे मुद्दाम जुनाट बनवून त्यांत घातले आहेत. नटानें राजा व्हावें हें आम्हांस मान्य आहे. नव्या कागदास चहाचें पाणी लावून जुना करावा हें मान्य नाहीं.

हा सोंवळेपणा वाटेल. परंतु आपल्याकडे काय उरलें आहे तें पाहावें. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’चीं चारांपैकीं दोनच रिळें उपलब्ध आहेत, आणि तींहि पहिल्या पटाचीं नसून १९१७ च्या नव्या आवृत्तीचीं असावींत, असें कांहीं अभ्यासक मानतात, म्हणजे पाठभेदाचा वाद आपल्या पहिल्याच चित्रपटापासून सुरू आहे. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, तरी ८ जानेवारी २००३ रोजीं जुन्या प्रभातच्या आवारांत नायट्रेटच्या फितींस आग लागून जें जळालें त्याची दुसरी प्रत सर्वच बाबतींत नव्हती.

स्टिग्टरबाईंचा पट दाखविला त्याच्या पुढच्या रविवारीं गांवच्या एका जुन्या घराण्यांतील गृहस्थ पत्र्याचा लहान डबा घेऊन आले. त्यांचे चुलते पिंपरीच्या एका कारखान्यांत नोकरीस होते. त्यांनीं १९६० च्या सुमारास नदीकांठीं व गांवांत घेतलेलें आठ मिलिमीटरचें रीळ. डबा उघडतांच शिरक्याचा उग्र वास आला. ॲसिटेटची फीत कुजूं लागली म्हणजे हाच वास येतो. यंत्रावर चढविली असती तर तुटलीच असती. चाकणचा तो तरुण म्हणाला, “संगणकावर घालून रंगीत व स्वच्छ करूं.” त्यावर तासभर वाद झाला. अखेर ठरलें तें असें: प्रथम चौकटीमागून चौकट जशीच्या तशी, ओरखड्यांसह, उतरून घ्यावी, त्या प्रतीस हात लावूं नये, रंगीत करावयाची ती दुसरी प्रत, व तिच्यावर कोणीं, केव्हां, काय भरलें हें लिहावें. हें कबूल करून घेण्यास आमच्या युक्तिवादापेक्षां त्या तरुणास स्वतःचेंच मागचें वाक्य आठवलें याचा अधिक उपयोग झाला.

गृहस्थांनीं खिडकीशीं धरून पहिल्या हातभर फितींत पाहिलें तेव्हां घाट, म्हशी व पांच-सहा बायका दिसल्या. त्यांस ओळखूं शकतील अशा दोन आजीबाई गांवांत हयात आहेत. पैकीं एकींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढील महिन्यांत व्हावयाची आहे. दुसरींकडे वही घेऊन येत्या रविवारीं जाण्याचें ठरलें आहे.