अनोळखी बूट

टॉलस्टॉयची ‘जिथे प्रेम, तिथे देव’ ही १८८५ सालची कथा नाताळच्या सुमारास अनेक भाषांत सांगितली जाते. उद्या मी येईन, असा ख्रिस्ताचा आवाज मार्टिन नावाच्या मोच्याला ऐकू येतो. दिवसभर तो वाट पाहतो. येतात ती गरजू माणसे. रात्री त्याला कळते की त्यांच्या रूपाने तोच येऊन गेला. बोध असा चार ओळींत आटोपतो आणि मग कथा वाचायची राहून जाते. वाचली तर लक्षात येते की तिचा खरा विषय दानधर्म नाही. अनोळखी माणूस दिसतो कसा, हा आहे.

मार्टिन तळघरात राहतो. त्याच्या एकुलत्या खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. पण गावातले बहुतेक बूट कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेलेले. कुणाला त्याने तळवा घातला, कुणाला ठिगळ लावले. त्यामुळे बूट पाहून तो माणूस ओळखतो. आवाज ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र एक लहानसा बदल होतो. अनोळखी बूट दिसले की तो वाकून, मान तिरपी करून वर पाहतो. त्याला आता चेहरा पाहायचा असतो. सगळी कथा या वाकण्यात आहे. ओळखीचे बूट पाहायला वाकावे लागत नाही.

बर्फ उपसणारा म्हातारा स्तेपानिच त्याला बुटांवरूनच कळतो. त्याला आत बोलावून चहा दिला जातो. नंतर लोकरी मोजे आणि खेडवळ पायताणे घातलेली एक बाई खिडकीवरून पुढे जाते आणि भिंतीशी थांबते. मार्टिन वर पाहतो: परकी बाई, अंगावर उन्हाळ्याचे कपडे, कडेवर तान्हे मूल. पायताण ओळखीचे नव्हते म्हणूनच चेहरा पाहिला गेला. आदल्या रात्री मार्टिन लूकच्या शुभवर्तमानातला सातवा अध्याय वाचत होता, हेही इथे आठवावे. येशूला जेवायला बोलावणाऱ्या परुश्याने त्याला पाय धुवायला पाणीसुद्धा दिले नाही, ती ही गोष्ट. पाहुणचाराची सुरुवात पायांपासून होते, हे टॉलस्टॉयने एका मोच्याकडून वदवले आहे, तेही एकदाही तसे न म्हणता.

लूकच्याच दहाव्या अध्यायात दयाळू शोमरोन्याचा दाखला आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला. याजक त्याला पाहतो, लेवी पाहतो, शोमरोनीही पाहतो. दृष्टी तिघांनाही आहे. पहिले दोघे रस्त्याची दुसरी कड धरतात. तिसरा जवळ जातो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि दोन दीनार देऊन पुढच्या खर्चाचीही हमी घेतो. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नातून हा दाखला निघाला. मराठी बायबलमध्ये ‘शेजारी’, हिंदीत ‘पड़ोसी’. दोन्ही भाषांत हा शब्द भिंतीला भिंत लागलेल्या माणसाचा. आपला ‘शेजारधर्म’ तर विरजण आणि किल्ल्यांच्या देवघेवीवर उभा असतो: आज तुमचे, उद्या आमचे. शोमरोन्याची परतफेड कोण करणार? पुन्हा भेट होईलच असेही नाही. अनुवादात शब्द तोच राहतो आणि त्याच्या आतली भिंत पडते. मार्टिनचे ओळखीचे बूट म्हणजे शेजारधर्म. अनोळखी पायताण म्हणजे हा दुसरा, अवघड शेजार.

ही कथा टॉलस्टॉयने भाबडेपणाने लिहिली, असे म्हणता येत नाही. तिचा सांगाडा एका फ्रेंच कथेचा आहे, पण मागे अनुभव त्याचा स्वतःचा होता. १८८२ साली मॉस्कोच्या जनगणनेत त्याने मुद्दाम सर्वांत गरीब वस्तीतले काम मागून घेतले. गणनेबरोबरच गरजूंची यादी करावी आणि मदत पोहोचवावी, असा त्याचा बेत होता. तो फसला. हाती होते ते थोडे पैसेही कुणाला द्यावेत, हे त्याला ठरवता येईना. ‘मग आपण काय करावे?’ या पुस्तकात त्याने हे अपयश निष्ठुरपणे मांडले आहे. ते पुस्तक लिहिले जात असतानाच मार्टिन जन्मला. मार्टिन गरिबांच्या शोधात निघत नाही आणि यादीही करत नाही. तो आपल्या कामाच्या जागी बसून, आपल्या धंद्याने दिलेल्या नजरेने रस्ता पाहतो.

तरी शेवट खटकतो. अंधाऱ्या कोपऱ्यात तिघे एकेक करून प्रकट होतात आणि तो मीच होतो, असा आवाज येतो. मग ती थंडीने काकडणारी बाई केवळ मुखवटा होती का? तिला दिलेला जुना अंगरखा आणि गहाण शाल सोडवायला दिलेले वीस कोपेक नक्की कुणाला पोहोचले? मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात, ज्याच्यावर कथेचा शेवट टेकला आहे, नीतिमान लोक चकित होतात: तुला भुकेला आम्ही पाहिले तरी कधी? त्यांना ठाऊक नव्हते, यातच त्यांच्या कृतीचे मोल आहे. मार्टिन मात्र ख्रिस्ताची वाट पाहत असतो. चहा ओततानाही त्याची नजर खिडकीकडे जाते. कुणाची वाट पाहता का, असे स्तेपानिचला विचारावे लागते.

कथेला वाचवतो तो तिसरा प्रसंग. सफरचंदे विकणाऱ्या म्हातारीने चोरटे पोर केसांना धरून पकडले आहे. मार्टिन आरी टाकून धावतो, पायऱ्यांवर अडखळतो, त्याचा चष्मा पडतो. वाट पाहणारा डोळाच गळून पडावा, तसा. या क्षणी त्याला ख्रिस्त आठवत नाही; त्याला ते पोर आणि ती म्हातारी दिसतात. मुलाला द्यायच्या सफरचंदाचे पैसे मी देईन, असे तो म्हणतो, पण शेवटी म्हातारी ते मागायला विसरते आणि तिचे ओझे उचलून पोर तिच्याबरोबर चालू लागते. देणारा आणि घेणारा हा भेद इथे पुसट होतो. माझ्या मते कथेची श्रद्धा कोपऱ्यातल्या आवाजापेक्षा या पडलेल्या चष्म्यात अधिक आहे.

मूल झाले म्हणून त्या बाईची स्वयंपाकिणीची नोकरी गेली होती. ती का जावी, हे कथा विचारत नाही; शोमरोन्याची गोष्टही लुटारूंचा माग काढत नाही. ही त्यांची मर्यादा आहे आणि ती झाकू नये. पण तो प्रश्न विचारायला आधी ती बाई कुणाला तरी दिसावी लागते. त्यासाठी वाकावे लागते, एवढे ही कथा नेमके सांगते.