रेषेबाहेरचा बिंदू

आठवीच्या एका वर्गात आम्ही नुकतीच एक मेणबत्ती जाळली. मेणबत्तीशेजारी मोजपट्टी उभी केली होती. दर दहा मिनिटांनी एका विद्यार्थ्याने पुढे येऊन मेणबत्तीची उंची वाचायची, फळ्यावर लिहायची आणि सर्वांनी आपापल्या आलेख कागदावर बिंदू मांडायचा, असा साधा बेत होता. फळ्यावर आकडे आले ते असे : सुरुवातीला १८.० सेंटिमीटर, १० मिनिटांनी १७.१, २० मिनिटांनी १६.२, ३० मिनिटांनी १४.७ आणि ४० मिनिटांनी १३.८.

तास संपल्यावर वह्या चाळल्या. आलेख सुबक होते, अक्षांना नावे होती, कोपऱ्यात प्रमाणही लिहिलेले होते. फक्त बऱ्याच वह्यांत शेवटचे दोन आकडे १५.३ आणि १४.४ असे झाले होते, आणि पाचही बिंदू एका सरळ रेषेत बसले होते. एका मुलाला विचारले, तर तो सहजपणे म्हणाला, "सर, बिंदू रेषेत येत नव्हते. म्हणजे मोजताना चुकलं असणार."

या मुलाला लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. रेषीय समीकरणाचा आलेख आपण कसा शिकवतो ते आठवून पाहा. समीकरण दिलेले असते. क्षच्या जागी ०, १, २ अशा सोयीच्या किमती घालायच्या, यच्या किमती काढायच्या, तीन बिंदू मांडायचे आणि पट्टीने जोडायचे. वास्तविक रेषेला दोन बिंदू पुरतात, तिसरा पडताळ्यासाठी. तो रेषेवर आला नाही तर आकडेमोड चुकली. समीकरणापुरता हा नियम अगदी बरोबर आहे, कारण तेथे रेषा आधीच ठरलेली असते आणि बिंदू तिच्यावरून घेतलेले असतात. मोजमापाच्या बाबतीत क्रम उलटा असतो. तेथे बिंदू आधी येतात, आणि त्यांच्यामधून जाणारी रेषा हे आपण केलेले विधान असते. तिसरा बिंदू रेषेबाहेर पडला तर चूक मोजणाऱ्याची असू शकते, तशीच ती विधानाचीही असू शकते. हा दुसरा क्रम शाळेच्या गणितात जवळजवळ भेटतच नाही. मग विज्ञानाच्या प्रयोगवहीत उत्तर आधी आणि निरीक्षणे नंतर लिहिली जातात, आणि पदवीच्या वर्गापर्यंत ही सवय पक्की होते. विद्यार्थिदशेत आम्हीही हे केलेले आहे.

२०१७ आणि २०१८ साली आलेल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत या विषयाची मांडणी पाहण्यासारखी आहे. आठवीत 'चलन' येते, नववीत निर्देशक आणि रेषेचे समीकरण. दहावीच्या पहिल्या भागात दोन समीकरणे आलेखाने सोडवायची, आणि रेषेचा चढ दुसऱ्या भागात, निर्देशक भूमितीत. एकेक प्रकरण आपापल्या जागी नीट लिहिलेले आहे. आमची तक्रार आहे ती या तुकड्यांमधल्या रिकाम्या जागांबद्दल. समचलनात एक राशी दुप्पट झाली की दुसरी दुप्पट होते. त्या रेषा आरंभबिंदूतून जातात, आणि मुलांच्या मनात सरळ रेषा म्हणजे समचलन असे समीकरण कायमचे बसते. २० अंश सेल्सिअस म्हणजे ६८ अंश फॅरेनहाइट. मग ४० अंश सेल्सिअस म्हणजे किती, असे विचारून पाहा. १३६ हे उत्तर हमखास मिळते. खरे उत्तर १०४ आहे, कारण येथे रेषा शून्यापासून नव्हे, ३२ पासून सुरू होते.

चढाचे दुखणे याहून मोठे आहे. भूमितीत तो रेषेचा कल म्हणून येतो, म्हणजे डोळ्यांना दिसणारा तिरकेपणा. उभ्या अक्षावरचे प्रमाण बदलले की हा तिरकेपणा बदलतो. मेणबत्तीचा तोच आलेख एका मुलीने काढला तेव्हा रेषा कड्यासारखी उतरली, आणि शेजारणीच्या कागदावर ती जवळजवळ आडवी पडली. मेणबत्ती मात्र दोघींचीही एकच, मिनिटाला ०.०९ सेंटिमीटर या वेगाने कमी होणारी. 'मिनिटाला इतके सेंटिमीटर' हे जोडीचे एकक म्हणजेच चढाचा अर्थ. तो दर आहे. एककाशिवायचा चढ गुण मिळवून देतो, पण विद्यार्थ्याला काही सांगत नाही.

रिक्षाच्या भाड्याचे उदाहरण हल्ली वर्गात दिले जाते, ते चांगलेच आहे. पण ते तक्त्यापाशी थांबते आणि त्यातील गंमत हातची जाते. पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेला दर घ्या : पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला १७. आलेख दीड किलोमीटरपर्यंत आडवा जातो आणि मग वर वळतो. (मीटर प्रत्यक्षात पायरी-पायरीने चढतो, आपण त्या पायऱ्यांवरून रेषा फिरवतो, हेही मुलांना सांगायला हवे.) आता ही चढती रेषा पट्टीने मागे वाढवा. ती उभ्या अक्षाला शून्याच्या खाली, उणे ५० पैशांवर छेदते! म्हणजे रिक्षात नुसते बसल्याबद्दल चालकाने आपल्याला आठ आणे द्यायचे काय? वर्गात हशा होतो. त्या हशातून खरा प्रश्न काढता येतो : हा नियम कोठून कोठपर्यंत लागू आहे? 'य = १७ × क्ष - ०.५' हे समीकरण दीड किलोमीटरच्या अलीकडे गैरलागू आहे, आणि हे समीकरणाकडे कितीही वेळ पाहून कळत नाही. त्यासाठी रिक्षाकडे पाहावे लागते.

दोन रेषांच्या छेदनबिंदूबद्दलही असेच म्हणता येईल. परीक्षेत तो एक क्रमित जोडी असतो, कंसात लिहून चौकट करण्याची. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात मात्र त्याच्यावर गाड्या चालतात. तेथील तक्त्यावर एका अक्षावर वेळ असते आणि दुसऱ्यावर स्थानके. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेषा. समोरून येणारीची रेषा उलट्या दिशेने तिरकी, आणि थांब्याच्या जागी स्थानकाला समांतर असा छोटा तुकडा. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेचा बराचसा भाग एकेरी आहे. अशा मार्गावर दोन विरुद्ध रेषांचा छेदनबिंदू स्थानकाच्या पातळीवरच आला पाहिजे. तो दोन स्थानकांच्या मध्ये येत असेल, तर एका गाडीला आधीच कोठे तरी थांबवून ठेवावे लागते. क्रॉसिंगसाठी गाडीत ताटकळलेल्या मुलाला हा धडा शिकवायला कितीसा वेळ लागेल?

हे सारे सातवी-आठवीत जमते. चढाचे सूत्र त्यासाठी लागत नाही. मोजणे, बिंदू मांडणे, 'दर मिनिटाला किती' आणि 'सुरुवातीला किती' हे दोन प्रश्न विचारणे एवढे पुरते. य = म × क्ष + क या मांडणीतील म आणि क ही त्या दोन उत्तरांचीच नावे आहेत. अभ्यासक्रमाला वेळ नाही, ही अडचण आम्ही ऐकली आहे आणि ती खोटी नाही. तरीही तीन-तीन बिंदूंच्या वीस आलेखांपैकी पाच गाळले, तर एक मेणबत्ती जाळण्याइतका वेळ निघतो.

त्या मेणबत्तीकडे आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा वळलो. फळ्यावर मूळचे पाच आकडे लिहिले आणि शेजारच्या दोन वाचनांतील फरक काढायला सांगितले : ०.९, ०.९, १.५, ०.९. वर्ग थोडा वेळ गप्प राहिला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मध्येच पंखा लावला होता." खरेच, उकडते म्हणून कोणी तरी पंखा सुरू केला होता आणि ज्योत फडफडू लागल्यावर आम्हीच तो बंद करायला लावला होता. तेवढ्यात एका बाजूने बरेच मेण ओघळून गेले होते. शेवटच्या दोन बिंदूंमधून रेषा काढून मुलांनी ती मागे वाढवली. ती पहिल्या रेषेला समांतर निघाली आणि उभ्या अक्षाला १८.० ऐवजी १७.४ वर छेदली. वाऱ्याने किती मेणबत्ती नेली, असे विचारल्यावर आदल्या दिवशी आकडे बदलणाऱ्या मुलानेच सहा मिलिमीटर असे उत्तर दिले, आणि वहीतले १५.३ खोडून तेथे १४.७ लिहिले.