वाळवंटाचें गद्य

वाङ्मयांत वाळवंटाला फार जुनें स्थान आहे. परंतु तें बहुधा काव्याचें स्थान आहे. मृगजळ, उंटांची रांग, खजुरीची सावली, ताऱ्यांनीं भरलेलें आकाश आणि त्याखालीं परमेश्वराशीं किंवा स्वतःशीं बोलणारा एकटा मनुष्य, एवढ्या सामग्रीवर कवींचें काम शतकानुशतकें चालत आलें आहे. ही सामग्री खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्याला उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांतून भरलेली मालमोटार घेऊन शेंकडों मैल जावयाचें आहे, त्याला तिचा उपयोग थोडा. त्याच्या दृष्टीनें वाळवंट म्हणजे चाकाखालची जमीन. ती कोठें कठीण आहे, कोठें भुसभुशीत आहे, आणि कोठें वरून कठीण दिसून आंतून पिठासारखी आहे, हें ओळखण्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. ह्या ज्ञानाचें वाङ्मय झालें आहे काय, व झालें असल्यास तें कितपत साधलें आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्यासाठीं आम्हीं एक प्रवासवर्णन व दोन चित्रपट विचारांत घेतले आहेत. वाङ्मयीन मासिकांत चित्रपटांची चर्चा कांहींना रुचणार नाहीं. परंतु ते दोन्ही कादंबऱ्यांवरून झालेले आहेत, आणि आमचा प्रश्न कथनाचा असल्यामुळें तो त्यांनाहि तितकाच लागू पडतो.

पुस्तक राल्फ बॅग्नोल्ड यांचें 'लिबियन सँड्स' हें. तें १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं त्यांच्या भगिनी ईनिड बॅग्नोल्ड यांची 'नॅशनल व्हेल्व्हेट' ही कादंबरी निघाली आणि बहिणीचें नांव घरोघर गेलें. भावाचें पुस्तक रसिकांच्या एका लहान मंडळींतच राहिलें. बॅग्नोल्ड हे ब्रिटिश सैन्यांतील अधिकारी. इजिप्तमध्यें असतांना रजेच्या दिवसांत, मित्रांना बरोबर घेऊन, साध्या फोर्ड गाड्यांतून नाईलच्या पश्चिमेच्या वाळूंत शिरण्याचा त्यांना छंद जडला. ज्या वाळूच्या समुद्रांत मोटार जाऊं शकत नाहीं असें सर्वजण मानीत होते, तेथें ती कशी गेली ह्याची हकीगत म्हणजे हें पुस्तक.

ह्या हकीगतींत भाषेचा थाटमाट नाहीं. एंजिन तापून रेडिएटरमधलें पाणी उकळूं लागतें व वाफ होऊन वाया जातें. वाळवंटांत हें चालावयाचें नाहीं. म्हणून वाफेची नळी गाडीच्या बाजूस बांधलेल्या पाण्याच्या डब्यांत सोडावयाची, डबा खदखदूं लागला कीं गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावयाची. एंजिन निवलें म्हणजे डब्यांतलें पाणी आपोआप रेडिएटरमध्यें परत ओढलें जातें. गाडीच्या लोखंडामुळें होकायंत्र फसवितें, म्हणून सपाट तबकडीवर उभी सुई बसवून तिच्या सावलीवरून दिशा राखावयाची. चाकें रुतलीं तर त्यांच्यापुढें लोखंडी पन्हळी घालून गाडी पुढें काढावयाची. वाळूची रास समोर भिंतीसारखी उभी राहिली असतां कचरून वेग कमी करणारा रुततो, आणि सरळ वेगानें तिच्यावर जाणारा वर पोंचतो. परंतु माथ्यापलीकडे उतार आहे कीं कडा आहे, हें माथ्यावर पोंचेपर्यंत कळत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, ही तर मोटार चालविण्याची मार्गदर्शिका झाली. हिला वाङ्मय कां म्हणावें? आक्षेप योग्य आहे आणि त्याचें उत्तर दिलें पाहिजे. मार्गदर्शिका योग्य काय तें सांगते. वाङ्मयाला आरंभ होतो तो दोन अयोग्यांतून एक निवडण्याची पाळी येते तेथें. वाळूवरून जातांना टायरांतील हवा कमी करावी लागते, म्हणजे टायर पसरून भार अधिक जागेवर वांटला जातो. पण तोच सैल टायर पुढच्या खडकाळ पठारावर धारदार दगडांनीं फाटतो. हवा भरावी तर वाळू धरते, काढावी तर दगड कापतो. वारंवार गाड्या गेलेल्या वाटेवर पत्र्याच्या पन्हळीसारख्या आडव्या लाटा उठतात. सावकाश गेल्यास प्रत्येक लाट गाडीचीं हाडें खिळखिळीं करते; भरधाव गेल्यास चाकें लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जातात, पण मग वळणें आणि थांबणें पुरतें चालकाच्या हातीं राहत नाहीं. अशा प्रसंगांत मनुष्य काय निवडतो ह्यावरून तो कोण आहे हें कळतें. ह्याहून निराळें असें नाट्य तरी काय करतें? बॅग्नोल्ड स्वतःविषयीं फारसें बोलत नाहींत, तरी पुस्तक संपतां संपतां त्यांचा स्वभाव आपल्याला चांगला ओळखीचा झालेला असतो, तो ह्याच कारणानें. त्यांची जिज्ञासाहि वरवरची नव्हती. वाळूचा कण वाऱ्यावर कसा उडतो व रास कशी चालते, ह्यावर त्यांनीं १९४१ सालीं जो ग्रंथ लिहिला तो शास्त्रज्ञांनीं प्रमाण मानला आहे, आणि मंगळावरील वाळूच्या कांहीं राशींना आतां त्यांचें नांव आहे.

तरीहि ह्या पुस्तकाची एक मर्यादा आम्हांला विसरतां येत नाहीं. हा छंद आहे. रजा संपली कीं ही मंडळी आपापल्या कामावर परत जातात. गाडी रुतली तर साहस वाढतें, कोणाची मजुरी बुडत नाहीं. वाळवंटाचें गद्य येथें प्रथम नीट लिहिलें गेलें खरें, पण तें फुरसतीच्या माणसाचें गद्य आहे.

हेंच ज्ञान पुढें युद्धाच्या उपयोगीं पडलें. १९४० सालीं बॅग्नोल्ड यांनीं इजिप्तमध्यें दूरवर टेहळणी करणारें मोटारदल उभें केलें. 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' ह्या नांवानें तें प्रसिद्धि पावलें. ह्याच युद्धांतून आमचें दुसरें उदाहरण निघालें आहे. ख्रिस्तोफर लँडन यांची 'आइस कोल्ड इन अ‍ॅलेक्स' ही कादंबरी १९५७ ची, जे. ली थॉम्प्सन यांनीं दिग्दर्शित केलेला तिचा चित्रपट १९५८ चा, आणि त्याच्या पटकथेंतहि लँडन यांचा हात होता. १९४२ मध्यें तोब्रूक पडण्याच्या बेतांत असतां एक रुग्णवाहिका तेथून निघते व वाळवंटांतून अलेक्झांड्रियाला पोंचते, एवढीच गोष्ट. गाडींत दारूच्या आहारीं गेलेला कॅप्टन आहे, जुना सार्जंट-मेजर आहे, परिचारिका आहे, आणि दक्षिण आफ्रिकन म्हणवून घेणारा एक धिप्पाड अधिकारी आहे, जो वास्तविक जर्मन हेर आहे.

हेराचें रहस्य हा कथानकाचा आकर्षक भाग, असें सामान्यतः समजलें जातें. आमचें मत निराळें आहे. ह्या चित्रपटाचा प्राण एका टेकाडावर आहे. गाडी चढत नाहीं. तेव्हां तिला उलटी करून, मागचा गिअर घालून, पुढच्या हँडलनें एंजिन हातांनीं फिरवीत ती इंच इंच वर न्यावयाची, असें ठरतें. माणसें आळीपाळीनें हँडल मारतात. माथा हाताशीं आला असतां गाडी निसटते आणि पार तळाशीं जाते. एखाद्या हलक्या लेखकानें येथें देखावा बदलला असता. येथें तीं माणसें खालीं उतरतात आणि तेंच काम पहिल्यापासून पुन्हां करतात, आणि प्रेक्षकाला तें पाहावें लागतें. त्या दुसऱ्या चढणींत हेराचे खांदे इतरांइतकेच झिजतात. म्हणूनच शेवटीं, तो शत्रु आहे हें कळल्यावरहि, हेर म्हणून गोळी घातली जाण्यापासून त्याला वांचविण्याची खटपट बाकीचे करतात व ती आपल्याला पटते. दयेवर व्याख्यान देण्याचें कारण पडत नाहीं. हँडलनें तें काम आधींच केलेलें असतें. श्रमाचें वर्णन प्रामाणिक असलें म्हणजे नीति त्याच्या मागून कशी चालत येते, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांला सांपडलें नाहीं.

तथापि हीहि एकाच फेरीची गोष्ट आहे. अलेक्झांड्रियांत थंड बिअरचा पेला समोर आला कीं प्रवास संपतो. पोटासाठीं मालमोटार चालविणाऱ्याचा प्रवास पेल्यापाशीं संपत नाहीं. त्याला परतीचा माल भरावयाचा असतो. शिवाय ह्या गोष्टींत आपलीं माणसें कोठेंच दिसत नाहींत, ह्याचीहि नोंद केली पाहिजे. ज्या तोब्रूकमधून ही रुग्णवाहिका निघते, त्या तोब्रूकच्या बचावांत मराठा पलटणीची एक बटालियन होती, व जून १९४२ मध्यें तें ठाणें पडलें तेव्हां ती शत्रूच्या हातीं सांपडली. बॅग्नोल्ड यांनीं उभारलेल्या दलाच्या जोडीला एक हिंदी मोटारतुकडीहि काम करीत होती, आणि हिंदी पलटणींचें पाणी, पीठ व दारूगोळा वाळूंतून वाहणारे चालकहि बहुतांशीं हिंदीच होते. इंग्रज कथाकारानें त्यांना वगळलें ह्याबद्दल त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो आपल्या माणसांविषयीं लिहितो. आपण पानिपतावर किती पानें लिहिलीं आणि तोब्रूकवर किती, हें मात्र वाचकांनीं स्वतः मोजून पाहावें.

पगारी चालक नायक होतो तो तिसऱ्या कृतींत. क्लोद व्हेयो यांच्या कादंबरीवरून आंरी व्हेरनोय यांनीं १९६४ सालीं काढलेला 'सां मिल दोलार ओ सोलेय', म्हणजे 'उन्हांतले एक लाख डॉलर', हा फ्रेंच चित्रपट. त्याचें चित्रण मोरोक्कोंत झालें. मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्या एका मालकाची नवी कोरी मालमोटार, आंतल्या गुप्त मालासह, रोक्को नांवाचा चालक पळवितो, आणि त्याच्याच सोबत्याला त्याच्या पाठलागावर धाडण्यांत येतें. झां-पोल बेलमोंदो व लिनो व्हेंतुरा हे दोन मोठे नट ह्यांत समोरासमोर आहेत. प्रारंभींचा भाग उत्तम आहे. चालकांची आपसांतील थट्टा, मालकाविषयींचा त्यांचा तिरस्कार, नव्या गाडीकडे पाहणारी त्यांची हावरी नजर, हें सर्व अस्सल आहे. मिशेल ओदियार यांचे संवाद अड्ड्यावरच्या बोलण्यासारखे खणखणीत आहेत. पण पाठलाग सुरू झाला कीं वाळवंट हें शर्यतीचें मैदान बनतें. माल काय आहे ह्यापेक्षां तो किती किमतीचा आहे ह्याला महत्त्व येतें, आणि ज्यांचा तो देश आहे ते लोक वाटेच्या कडेला उभे राहून गाड्या जातांना पाहतात.

नेमकी हीच उणीव तिन्ही कृतींना समान आहे. सहारांतील मालमोटार एकटा चालक चालवीत नाहीं. त्याच्याबरोबर मदतनीस असतो. आपल्याकडे ज्याला क्लीनर म्हणतात तोच. फ्रेंच अमलाखालीं राहिलेल्या भागांत त्याला 'वंगण घालणारा' अशा अर्थाचें नांव आहे. गाडी रुतली कीं खालीं उडी मारून चाकांपुढची वाळू उपसणारा, लोखंडी पत्रे घालणारा, आणि गाडी सुटल्यावर ती थांबवितां येत नाहीं म्हणून पत्रे घेऊन तिच्यामागें धांवणारा मनुष्य तो. मालाच्या ढिगावर दोरांना धरून बसलेले उतारू असतात, आणि त्यांचे गोणपाटांत गुंडाळलेले पाण्याचे डबे गाडीच्या दोन्ही अंगांना लोंबत असतात. बॅग्नोल्डची दृष्टि आणि त्या टेकाडावरची चिकाटी घेऊन ह्या माणसांपैकीं एकाची गोष्ट कोणी सांगेल, तर वाळवंटाचें गद्य पुरें होईल.

तोंपर्यंत जगाच्या आठवणींत हा चालक एकाच प्रसंगानें राहिला आहे. नायजरमधील तेनेरेच्या सपाट वाळवंटांत बाभळीचें एकच झाड होतें. सभोंवार शेंकडों किलोमीटर दुसरें झाड नव्हतें. १९७३ सालीं एका मालमोटारीनें त्याला धडक दिली व तें मोडलें. त्याचे अवशेष निआमे येथील संग्रहालयांत ठेवले आहेत, आणि जागेवर लोखंडाचें झाड उभारलें आहे. एवढ्या मोकळ्या जमिनींत चालकाला नेमकें तेंच झाड सांपडावें, असें म्हणून लोक हंसतात, आणि तो प्यायलेला होता अशी वदंताहि जोडतात. त्या झाडाजवळ विहीर होती. ज्या प्रदेशांत दुसरी खूण नाहीं तेथें सगळ्या वाटा एकाच खुणेकडे येतात आणि प्रत्येक गाडीचें तोंड त्या झाडाकडेच असतें. ही गोष्ट ध्यानांत घेतली तर हंसण्यासारखें फारसें उरत नाहीं. तो मनुष्य कोठून निघाला होता, किती रात्री झोंपला नव्हता, त्याच्या गाडींत कोणाचा माल होता, हें विचारावयाला हवें होतें. झाडाला संग्रहालय मिळालें. चालकाची गोष्ट अद्याप लिहावयाची आहे.