सरासरीखालचा महाराष्ट्र : ‘अनुशेष’ या संकल्पनेची चिकित्सा

विधिमंडळाचे नागपूर अधिवेशन जवळ आले की वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास दिसू लागतो : अनुशेष. विरोधी बाकांवर असताना जो नेता तो आवेशाने उच्चारतो, तोच सत्तेत गेल्यावर ‘अनुशेष जवळपास संपला’ असे सांगतो. दोन्ही वेळा हातात आकडे असतात आणि दोन्ही वेळा ते अगदीच खोटे नसतात. असे कसे होते, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडत आला आहे. त्याचे उत्तर राजकारण्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा ज्या अहवालाने हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात रुजवला, त्याच्या पद्धतीत शोधावे, असे मला वाटते.

तो अहवाल म्हणजे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचा. समिती १९८३ साली नेमली गेली आणि १९८४ साली तिने प्रादेशिक असमतोलाविषयीचा आपला अहवाल दिला. आर्थिक संशोधन सरकारी धोरणाला दिशा देते असे आपण सहज म्हणून जातो. ते कसे घडते आणि कुठे फसते, हे इतक्या जवळून दाखवणारे दुसरे मराठी उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आधी या अहवालाचे श्रेय मान्य केले पाहिजे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाड्याला काही आश्वासने दिली. १९५६ साली झालेल्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विकास मंडळांची तरतूद आली. १९६० साली राज्य झाले. तरीही पुढची वीस-बावीस वर्षे ‘आमच्यावर अन्याय झाला’ आणि ‘नाही झाला’ एवढ्यावरच वाद अडकला होता. दांडेकरांनी त्याला मोजमापाची चौकट दिली. रस्ते, सिंचन, खेड्यांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रे घ्यायची. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्या खाली असेल, त्याला सरासरीपर्यंत आणण्यासाठी किती खर्च येईल ते मांडायचे. हा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. एकूण बेरीज सुमारे ३,१८७ कोटी रुपये झाली. तीत विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के होता. तक्रारीचे रूपांतर देण्याच्या रकमेत झाले. १९९४ साली विकास मंडळे अस्तित्वात आली आणि निधीवाटपाबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी आली, तेव्हा हिशेबाची भाषा तयार होती. संशोधनाचे हे यश लहान नाही.

पण हिशेबाची भाषा ठरली की त्या भाषेत न बसणारे प्रश्न दिसेनासे होतात. माझे आक्षेप तीन आहेत.

पहिला आक्षेप एककाचा. समितीने तुलना प्रदेशांची न करता जिल्ह्यांची केली. म्हणूनच उर्वरित महाराष्ट्राच्या नावावरही ३७ टक्के अनुशेष निघाला आणि विदर्भातल्या अनेकांना ही चलाखी वाटली. मला ती चलाखी वाटत नाही. कोकणातला किंवा धुळ्याकडचा मागासलेपणा मुंबई-पुण्याच्या आकड्यांखाली दडू नये, हा विचार योग्यच होता. मात्र जो तर्क प्रदेशाला लागू होतो तोच जिल्ह्यालाही लागू होतो. साताऱ्यातले कराड आणि माण, नगर जिल्ह्यातले कोपरगाव आणि जामखेड यांची सरासरी काढून कोणाचे चित्र मिळते? कालव्याकाठच्या उसाने माण-जामखेडच्या कोरड्या शिवाराला कागदावर पाणी पाजले जाते. डॉ. विजय केळकर यांच्या समितीने २०१३ च्या अहवालात तालुका हे एकक धरले, ही खरे तर दांडेकरांच्याच तर्काची पुढची पायरी होती. ती यायला तीस वर्षे लागली, कारण दरम्यानचे सगळे वाटप आणि सगळी भांडणे जिल्ह्याच्या आकड्यांवर बेतली गेली होती.

दुसरा आक्षेप सरासरीचा. एक साधे गणित मांडतो. तीन जिल्हे आहेत. त्यांची पातळी १०, २० आणि ६०. सरासरी ३०, म्हणून अनुशेष २० अधिक १०, म्हणजे ३०. आता मागचे दोन्ही जिल्हे प्रामाणिकपणे ३० वर आणले, पण तेवढ्या काळात पुढचा जिल्हा ९० वर गेला. नवी सरासरी ५० आणि नवा अनुशेष ४०. जो भरून काढला त्याहून मोठा. १९८४ चा ३,१८७ कोटींचा आकडा पुढच्या निर्देशांक व अनुशेष समितीच्या हिशेबात सुमारे १४,००७ कोटींवर गेला, त्यात भाववाढीचा भाग होताच. पण सरासरीचा हा स्वभावही विसरता येत नाही. यावर उपाय म्हणून १९९४ ची स्थिती गोठवून तेवढाच अनुशेष भरायचे ठरले. त्यामुळे ‘अनुशेष संपला’ हे वाक्य खरे ठरू शकते आणि दरी मात्र तशीच राहू शकते. सुरुवातीला म्हटलेली दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असतात, त्याचे उत्तर इथे आहे.

याच दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याची इथे आठवण होते. तिथेही एक रेषा होती, पण ती सरासरीवरून काढलेली नव्हती. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळायला किती खर्च लागतो, यावरून ती आखली होती. १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. त्या रेषेवर टीका खूप झाली. पण तिने विचारलेला प्रश्न ‘पुरेसे किती?’ हा होता. अनुशेषाची रेषा विचारते, ‘भावापेक्षा किती कमी?’ पहिल्या प्रश्नातून किमान हक्काची मागणी निघते, दुसऱ्यातून वाटणीचे भांडण. सिंचनात तर राज्याची सरासरीच इतकी तुटपुंजी आहे की ती गाठूनही बहुतेक शेत पावसावरच राहते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सिंचनात मोजली गेली ती निर्माण झालेली क्षमता. धरण बांधले, कालवा खणला, की कागदावर हेक्टर वाढतात. त्या हेक्टरांत पाणी पोचले का, हा हिशेब वेगळा. जे मोजले जाते तेच बांधले जाते. अनेक प्रकल्प एकाच वेळी सुरू करणे त्यामुळे सोयीचे झाले, पाणी शेवटच्या चारीपर्यंत नेणे मात्र कोणाच्याच खात्यावर नव्हते. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीने पीकक्षेत्रातील सिंचनाचा वाटा दशकभरात १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर, म्हणजे जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे दाखवले आणि खळबळ उडाली. नोव्हेंबर २०१२ च्या श्वेतपत्रिकेने वेगळे आकडे मांडले. वाद भ्रष्टाचाराकडे वळला, तो वळायलाही हवा होता. पण एकाच सरकारच्या दोन दस्तऐवजांत सिंचनाचे दोन अर्थ नांदत होते, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष पुढेही बराच काळ रेंगाळला. हे कापसाचे, कोरडवाहू शेतीचे आणि आत्महत्यांच्या बातम्यांचे जिल्हे आहेत. तिथे व्याख्येतली चूक ही केवळ व्याख्येतली चूक राहत नाही.

मग दोष दांडेकरांचा का? माझ्या मते नाही. त्यांना विचारलेला प्रश्नच असमतोलाचा होता आणि त्या काळी हाती असलेल्या आकड्यांतून त्यांनी त्याचे स्वच्छ उत्तर दिले. चूक पुढे झाली. एका वेळच्या मोजणीला आपण कायमची मोजपट्टी मानले. संशोधन धोरणात शिरले की ते तपासणे थांबते, कारण त्यावर पदे, निधी आणि भाषणे उभी राहिलेली असतात. ३० एप्रिल २०२० रोजी विकास मंडळांची मुदत संपली, तेव्हा चर्चा मंडळे पुन्हा कधी येणार याचीच झाली. ती आल्यावर नेमके काय मोजणार, हे फारसे कोणी विचारले नाही.

माझी अपेक्षा साधी आहे. पुढची समिती नेमताना राज्याची सरासरी काढण्याआधी तिने एका कोरडवाहू कुटुंबाला किमान किती पाणी, किती अंतरावर दवाखाना आणि किती वर्षांची शाळा हवी, हे ठरवावे. मग तालुक्यातालुक्यात जाऊन, बांधलेले नव्हे तर पोचलेले किती, ते मोजावे. दारिद्र्याचा अभ्यास करताना दांडेकरांनी हाच मार्ग धरला होता. अनुशेषाच्या बाबतीतही तिकडे वळण्यासाठी आपल्याला नवा सिद्धान्त नको आहे. त्यांचेच १९७१ चे काम पुन्हा वाचायला हवे.