सवय आणि तृष्णा
मूळचे श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ पद्मल डी सिल्वा यांनी १९८४ च्या निबंधात बौद्ध साधनेची तुलना वर्तनोपचाराशी केली. मज्झिमनिकायातील वितक्कसण्ठानसुत्त पाहता ती आम्हांस सार्थ वाटते. सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी काढतो, तसा कुशल विचाराने अकुशल विचार घालवावा. न गेल्यास त्यातील आदीनव, म्हणजे दोष, पाहावा. तिटकारा रुजवून मद्य सोडविणारा उपचारही याच वाटेने जातो. परंतु साम्य साधनांपुरतेच आहे. उपचार सवय मोडून थांबतो; सुत्ताचा शेवट तृष्णाच्छेदात होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने हा भेद ओळखावा. छत्रपती संभाजीनगरच्या वस्तीतील व्यसनी उपासकास केवळ सुत्त ऐकवून उपचारापासून दूर ठेवू नये. आणि दारू सुटली म्हणून त्याने साधनाही थांबवू नये.